बाहेर ४५, ओव्हनात गारठा

जळगावचा मे. बाहेर ४५ अंश, आणि माझ्या ओव्हनला म्हणे उष्णता पुरत नाही! तिसऱ्यांदा केळ्याचा केक मधोमध कच्चा. दुरुस्तीवाला येतो, "थर्मोस्टॅट गेलाय ताई" म्हणतो, पैसे घेतो, जातो. अरे बाबा, दार तरी बघ! दारात कागदाचा कपटा धरून बंद केलं तरी तो सळकन ओढून निघतो. बिजागरी सैल, सगळी धग ओट्यावर. खालचा रॉड लालबुंद, वरचा काळाठिक्कर. त्यात संध्याकाळी व्होल्टेज १८०वर. २३०चं १८० झालं की रॉडची उष्णता जवळपास ४० टक्क्यांनी घटते, पण ऐकतंय कोण? सासूबाई म्हणतात, "गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्याच्या पापडांशेजारी ठेव, होईल तिथेच!"