काट्यावरचे किलो आणि पोटावरची चरबी

‘एका महिन्यात १० किलो वजन घटवा, ना जिम, ना डॉक्टर’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या, शाळासोबत्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला आणि पाठवणाऱ्यांत माझी सख्खी मावशीही होती, म्हणून हे सविस्तर उत्तर. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: रात्रीचा भात बंद करा, कारण सूर्यास्तानंतर भाताची थेट चरबी होते, सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यातून लिंबू-मध घ्या, चरबी वितळते, पोटाला पट्टा बांधून चाला, घामावाटे चरबी निघून जाते, प्रथिनांसाठी वरण पुरे, पावडरीने किडन्या जातात, वजने उचलू नका, बायका पुरुषी दिसू लागतात आणि व्यायाम सुटला की स्नायूंची चरबी होते, आणि यातले काहीही करण्याआधी डॉक्टरांना विचारण्याची गरज नाही.

आधी मथळ्यातला हिशेब पाहू. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. दहा किलोंच्या ७७,००० झाल्या आणि तीस दिवसांत त्या संपवायच्या तर रोज सुमारे २,५६० कॅलरींची तूट हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार बैठे काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या स्त्रीची दिवसभराची एकूण गरजच १,६६० कॅलरी आहे. म्हणजे अशा बाईने महिनाभर अन्नाचा कणही खाल्ला नाही तरी रोजच्या ९०० कॅलरी उरतातच, आणि त्या चालून संपवायच्या तर तिला दररोज तेहेतीसेक किलोमीटर, म्हणजे जवळपास चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत, पायी जावे लागेल. उपाशीपोटी, तीस दिवस.

तरीही ‘माझे पहिल्या आठवड्यातच तीन किलो उतरले’ असे सांगणारे लोक भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. यकृत आणि स्नायू कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भात-पोळी एकदम तोडली की हा साठा आटतो, पाणी लघवीवाटे जाते आणि काटा खाली येतो. मग एखाद्या लग्नात मसालेभात आणि जिलबी झाली की ते पाणी परत येते, आणि माणूस एका जेवणाने दोन किलो चरबी चढली म्हणून हळहळतो. संदेशातली बहुतेक विधाने याच घोटाळ्यातून निघाली आहेत: पाणी, चरबी आणि स्नायू ही तीन वेगळी खाती आहेत आणि वजनकाटा फक्त त्यांची बेरीज दाखवतो.

भातावरच्या आरोपात सूर्यास्ताचा संबंध कुठून आला, हे मला अजून कळलेले नाही. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३० कॅलरी असतात. मोठी वाटीभर भात आणि दोन बिनतुपाच्या पोळ्या यांत फारसे अंतर पडत नाही, आणि भात सोडून त्याच ताटात तिसरी पोळी आणि चमचाभर जास्त तूप आले तर हिशेब उलटाच होतो. वेळेचाच प्रश्न असेल तर चीनमधील ग्वांगजौ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खाल्ले, दुसऱ्याने वेळेचे बंधन पाळले नाही. वर्षअखेर पहिल्याचे सरासरी ८ किलो आणि दुसऱ्याचे ६.३ किलो वजन घटले, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. रात्री साडेनऊला कल्याणला उतरून दहाला जेवणाऱ्याने लवकर जेवता आले तर जरूर जेवावे, झोप बरी लागते. पण उशिरा जेवल्यामुळे भाताचे रसायन बदलत नाही.

लिंबू-मधाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मध ही मुख्यतः साखरच आहे आणि मोठ्या चमच्यात तिच्या साठ-पासष्ट कॅलरी असतात. साखरेच्या चहाऐवजी नुसते लिंबूपाणी घेतले तर फायदा होईल, पण तो चहातली साखर टळल्याचा.

‘वितळणे’ या शब्दाने मात्र बरेच नुकसान केले आहे, कारण त्यातूनच घामाची समजूत निघते. चरबी जळते तेव्हा तिचे काय होते, याचा हिशेब २०१४ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मांडला: १० किलो चरबीपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबीचा मुख्य दरवाजा फुप्फुस आहे. घाम हे अंग थंड करण्याचे साधन आहे आणि मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही म्हणूनच इतका जाणवतो. घामाने चरबी जात असती तर मे महिन्यात विरार लोकलच्या दुसऱ्या वर्गात उभा राहणारा एकही माणूस ढेरपोट्या उरला नसता. पट्टा बांधून चालल्यावर कमी झालेला अर्धा किलो दोन पेले पाण्यात परत येतो. विशिष्ट जागेची चरबी त्या जागेच्या व्यायामाने जात नाही, हेही जुने निरीक्षण आहे: १९७१ साली टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची मोजमापे घेतली, तेव्हा वर्षानुवर्षे रॅकेट फिरवणाऱ्या हातावर त्वचेखालची चरबी दुसऱ्या हातापेक्षा कमी आढळली नाही. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, आणि ते हवेतच.

आता प्रथिने. तूरडाळीत शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, पण ती कोरड्या डाळीत. घरातल्या वाटीभर वरणात जेमतेम पाऊण मूठ डाळ असते आणि त्यातून सहा ग्रॅम मिळाले तरी खूप. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले तर ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम लागतात. पोळी, भात, दूध, उसळ मिळून तेवढे कसेबसे जमते. वरण आणि भात ही जोडी गुणवत्तेनेही चांगली, कारण तांदळात कमी पडणारे लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक आवश्यक घटक, डाळ भरून काढते. मात्र वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यांसाठी अभ्यासांतून पुढे आलेला आकडा किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे याच माणसाला १०४ ग्रॅम, आणि केवळ वरणातून ते मिळवायचे तर सतरा वाट्या होतात. अंडी, बांगडा, कोंबडी, पनीर, सोयाबीनच्या वड्या, मोड आलेली मटकी यांच्याशिवाय गत्यंतर नाही. पावडरीतले व्हे प्रथिन म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतलेच प्रथिन. निरोगी मूत्रपिंडांना त्याने इजा होत असल्याचा पुरावा नाही, ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे त्यांनी मात्र प्रथिने मोजूनच घ्यावीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांतही नित्य पावडर घेऊ नये असे म्हटले आहे, कारण तीत साखर, कृत्रिम गोडी आणि स्वाद मिसळलेले असू शकतात. माझेही मत असेच आहे: अन्नातून जमत असेल तर डबा कशाला? मूत्रपिंडे आणि हृदय खरोखर धोक्यात येतात ती स्नायू फुगवण्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी, आणि बोलताना लोक दोन्हीला एकच शब्द वापरतात, ‘पावडर’.

वजने उचलण्याविषयीची भीती मला सर्वांत घातक वाटते. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारे पुरुषी संप्रेरक, पुरुषांपेक्षा दहा-पंधरा पटींनी कमी असते, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस डंबेल उचलणाऱ्या बाईचे दंड पैलवानासारखे होत नाहीत. स्नायू आणि चरबी या भिन्न पेशी आहेत, एकीची दुसरी होत नाही. निवृत्त पैलवानाचे पोट सुटते कारण लंगोट सुटतो आणि खुराक सुटत नाही. उलट, स्नायू न जपता केवळ काटा खाली आणण्याचे तोटे आपल्या लोकांनी विशेष ओळखायला हवेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, नेमका २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंची-वजनाच्या हिशेबाला दोघे सारखेच दिसले. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा, पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर, काट्याइतकीच पाहिली जाते. आणि ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्या मावशीसाठी: १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांनी आठ आठवडे पायांनी वजने उचलली आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

डॉक्टरांना विचारू नका, हे शेवटचे वाक्य मी गमतीवारी नेऊ शकत नाही, कारण हे गट वाचणाऱ्या प्रत्येक घरात मधुमेहाचे कोणी ना कोणी असतेच. जो माणूस इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेतो आणि औषध तेवढेच ठेवून रात्रीचे जेवण तोडतो, त्याची साखर पहाटे धोकादायकरीत्या उतरू शकते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि अंगाला दरदरून घाम फुटतो. त्या क्षणी त्याने तातडीने साखर खायला हवी, आणि संदेशाने त्याला सांगून ठेवलेले असते की घाम येतो आहे म्हणजे चरबी निघते आहे.