पुठ्ठ्याचा संगणक, ब्लूम आणि भंगारवाला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विद्यार्थ्यांनी आखलेल्या पर्यावरणपूरक संगणकांवरच्या माझ्या लेखाला इतक्या तपशिलात जाऊन झोडपलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : विद्यार्थ्यांचे 'हिरवे' संगणक प्रदर्शनात मिरवतात आणि तिथेच संपतात, खरं प्रदूषण चिप बनताना होतं, तेव्हा बाहेरची पेटी बदलून काही साधत नाही, आणि जुना लॅपटॉप खोलायला आपल्याकडे भंगारवाला आहेच, त्यासाठी 'ब्लूम' लॅपटॉप आखणारी स्टॅनफर्डची पोरं कशाला हवीत.

पेटीचा मुद्दा मान्य. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनातला मोठा भाग तो आपल्या हाती येण्याआधीच होऊन गेलेला असतो. ह्यूस्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचा 'रिकंप्यूट' (२००९) हा संगणक दिसायला गमतीदार होता, पण पेटी पुठ्ठ्याची आणि आतला मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क नेहमीचीच. त्यावर माझा फार जीव नाही.

'ब्लूम'ची गोष्ट वेगळी. स्टॅनफर्ड आणि फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या पाठबळावर हा लॅपटॉप आखला. त्यांनी पाहिलं ते लॅपटॉप कशाचा आहे यापेक्षा त्याचे भाग एकमेकांना कसे धरून आहेत याकडे. त्यांच्या हिशेबाने नेहमीचा लॅपटॉप पूर्ण सुटा करायला तीन हत्यारं, १२० पायऱ्या आणि ४५ मिनिटं लागतात. ब्लूमला दहा पायऱ्या, दोन मिनिटं, हत्यार एकही नाही.

आता भंगारवाला. तो लॅपटॉप सुटा करतो हे खरंच, पण कसा? पाऊण तास स्क्रू काढत बसणं त्याला मिळणाऱ्या भावात बसत नाही. मग हातोडा. गोंदाने चिकटवलेली लिथियमची बॅटरी उचकटताना टोचली गेली की पेट घेते. पुढे दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी वायरी जाळून तांबं काढतात, सर्किट बोर्ड आम्लात बुडवून सोनं. हे सगळं करणाऱ्याच्या फुप्फुसांचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. तुम्ही त्याचं कसब पुढे करून ब्लूमला निरर्थक ठरवता, आणि मला तर वाटतं ब्लूमची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे.

ब्लूम बाजारात आला नाही, कबूल. उलट २०१२ मध्ये ॲपलने रेटिना मॅकबुक प्रो या लॅपटॉपची बॅटरी चक्क चिकटवूनच टाकली. त्याच वर्षी 'ईपीट' या पर्यावरणविषयक मानांकनातून आपली उत्पादनं काढून घेतली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत परतही आली. पण २०२१ मध्ये 'फ्रेमवर्क' हा लॅपटॉप आला : खोलायचा स्क्रूड्रायव्हर खोक्यातच, आणि २०२३ चा, एएमडी या कंपनीची चिप असलेला नवा बोर्ड २०२१ च्या जुन्या सांगाड्यात बसतो. हे ब्लूममुळे झालं असा माझा दावा नाही. एवढंच की जे पोस्टरवर हास्यास्पद वाटलं ते विकलं जातंय. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, असा कायदाच झालाय.

खरं तर ब्लूममध्ये टीकेला जागा होती ती दुसरीकडेच. इलेक्ट्रॉनिक भाग पुनर्वापरासाठी टपालाने पाठवता यावेत म्हणून त्यांनी तिकीट लावलेलं पाकीट सोबत द्यायचं ठरवलं होतं. आपल्याकडे दारात रोख पैसे मिळत असताना बोर्ड फुकट पोस्टात टाकणार कोण? इथे हे चालवायचं तर सुट्या केलेल्या बोर्डाला अख्ख्या लॅपटॉपपेक्षा जास्त भाव मिळायला हवा, तोही कंपनीच्या खिशातून. आपल्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, पण ती नोंदणीकृत रिसायकलरकडून कचऱ्यावर प्रक्रिया केल्याची प्रमाणपत्रं विकत घेऊन पार पाडता येते. त्या व्यवहारात हातगाडी घेऊन दारावर येणारा माणूस कुठेच नाही.