लाइव्ह सीडीचा कर्नल बारीक का नाही केला: एका प्रतिक्रियेला उत्तर

धुळेकर भाऊ, तुमची प्रतिक्रिया खरंच आवडली, नुसतं "छान माहिती" टाकून पळणाऱ्यांपेक्षा भांडणारा माणूस कधीही परवडतो, म्हणून उत्तर पण लांबलचकच देतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी एक लाइव्ह सीडी बनवलीय, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट सीडीवरून चालणारी लिनक्स सिस्टिम. भाऊंचं म्हणणं असं की मी डेबियन या लिनक्सचा आयता कर्नल (सिस्टिमचा गाभा) उचलला, लाइव्ह-बिल्डने (लाइव्ह सीडी बनवायच्या टूलने) वर पॅकेजेस चढवली आणि त्यालाच कस्टम सीडी म्हणतोय. खरं कस्टम म्हणजे मेक लोकलमॉडकॉन्फिग (कर्नलची छाटणी करणारी कमांड) मारायचं, उरलेलं सगळं वाय करून, म्हणजे वेगळं मॉड्यूल न ठेवता, कर्नलमध्येच घालायचं आणि इनिटआरडी (बूट होताना आधी रॅममध्ये चढणारी छोटी सिस्टिम) काढून टाकायचं. शिवाय एक्सझेड कॉम्प्रेशनमुळे जुनं मशीन रडतं आणि मराठी फॉन्ट, आयबस (मराठी टाइप करायचं टूल) हे सगळं उगाच जागा खातंय.

आधी लोकलमॉडकॉन्फिग. ते त्या क्षणी एलएसमॉड या कमांडच्या यादीत जे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) लोड झालेले दिसतात तेवढे ठेवतं, बाकीचे उडवतं. स्वतःच्या मशीनला एक नंबर, मी पण वापरतो, कंपाइल झटपट होतं. पण ही आयएसओ (सीडीवर बर्न करायची फाइल) माझ्या मशीनसाठी नाहीच ना भो! ती चालणार यावल-रावेरकडच्या शाळांतल्या लॅबमध्ये, केळीवाल्या व्यापाऱ्याच्या ऑफिसातल्या धूळ खात पडलेल्या डेस्कटॉपवर, कुणी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सेकंडहँड उचललेल्या लॅपटॉपवर. एकाचं लॅनकार्ड रिअलटेकचं, दुसऱ्याचं इंटेलचं, तिसऱ्याचं वायफाय ब्रॉडकॉमचं. आपल्या मापाचा शर्ट शिवून गावभर वाटला तर कसं होईल तसं होतं मग.

आणि गंमत पुढे आहे. हार्डडिस्कवरून चालू असलेल्या मशीनवर तुम्ही ही कमांड मारली आणि त्या वेळी ड्राइव्हमध्ये सीडी नाही, पेन ड्राइव्ह लावलेला नाही, तर आयएसओ९६६० (सीडीची फाइलसिस्टिम), स्क्वॅशएफएस (कॉम्प्रेस केलेली, फक्त वाचायची फाइलसिस्टिम), लूप (फाइलला डिस्कसारखं वापरू देणारं), ओव्हरले (दोन फाइलसिस्टिम एकावर एक ठेवणारं), यूएसबी-स्टोरेज या लाइव्ह सीडीला लागणाऱ्या मॉड्यूलपैकी बरंचसं लोडच नसतं, म्हणजे नवीन कॉन्फिगमधून पण गायब. मग तुमची सीडी तुमच्याच मशीनवर चालत नाही. काळ्या स्क्रीनवर "अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम" येतं, खाली इनिटरॅमएफएसचा (म्हणजे इनिटआरडीचाच) प्रॉम्प्ट लुकलुकतो, आणि माणूस सीडीच खराब निघाली म्हणून दुसरी बर्न करत बसतो.

इनिटआरडी काढायचं म्हणता, ते लाइव्ह सीडीत जमणार कसं? इथे रूट फाइलसिस्टिम (ज्यात सगळी सिस्टिम असते ती) म्हणजे आयएसओच्या पोटातली एक स्क्वॅशएफएसची फाइल. आधी सीडी कुठल्या ड्राइव्हमध्ये आहे ते शोधायचं, ती माउंट करायची, आतली फाइल लूपवर चढवायची, तिच्यावर टीएमपीएफएस (रॅममधली तात्पुरती फाइलसिस्टिम) ठेवायचा आणि ओव्हरलेने दोन्ही जोडायचं. हे करणाऱ्या स्क्रिप्ट इनिटआरडीतच असतात, ते काढलं तर हे करणार कोण? (या रचनेचा एक फायदा आपल्याकडे फार कामाचा आहे, लाइट गेली तरी सिस्टिम करप्ट व्हायची भीती नाही, मूळ फाइलवर कुणी लिहीतच नाही.) आणि सगळं वाय करण्यातली दुसरी गोची म्हणजे फर्मवेअर (कार्डात चढवावा लागणारा छोटा प्रोग्राम). ज्या ड्रायव्हरला फर्मवेअर लागतं तो कर्नलमध्येच बसवला की बूटच्या सुरुवातीलाच फर्मवेअर मागतो, तेव्हा रूट माउंटही झालेलं नसतं, आणि इनिटआरडी तर तुम्ही काढून टाकलंय. मग ते फर्मवेअर पण कर्नलमध्ये कोंबा. कुठल्या कुठल्या कार्डाचं कोंबणार?

मला वाटतं हा सल्ला जुन्या ट्युटोरियलमधला आहे, आणि त्या काळी तो बरोबरच होता. स्क्वॅशएफएस मूळ कर्नलमध्ये आलं २००९ ला, २.६.२९ मध्ये, आणि ओव्हरले तर थेट २०१४ ला, ३.१८ मध्ये. त्याआधी ओव्हरलेचंच काम करणाऱ्या युनियनएफएस नाहीतर एयूएफएसचे पॅच मारून कर्नल स्वतः कंपाइल करायची वेळ बऱ्याच जणांवर यायची. आता आयत्या कर्नलमध्ये सगळं मॉड्यूल म्हणून मिळतं, मग सीडीच्या ७०० एमबीत बसवायला कात्री लावायची ती पॅकेजेसना.

मी एपीटी-रेकमेंड्स फॉल्स ठेवलंय, म्हणजे नुसती शिफारस असलेली जादा पॅकेजेस येत नाहीत, पण मग यूजर-सेटअप आणि सुडो ही दोन नावं पॅकेज लिस्टमध्ये हाताने टाकायची, नाहीतर लाइव्ह यूजरच तयार होत नाही आणि लॉगिनलाच अडकायला होतं. बाकी डॉक फोल्डर, नको त्या भाषांचे लोकेल (भाषांतराच्या फाइल), नोटो या फॉन्टसंचातले चिनी-जपानी फॉन्ट काढा, तिथे खरी जागा सुटते. लोहित देवनागरी हा मराठी फॉन्ट एक एमबीचाही नाही हो, तो काढून काय वाचणार? शाळेतल्या मास्तरांना मराठीत पत्र टाइप करता आलं नाही तर ती सीडी तशीच कपाटात जाईल.

एक्सझेडचं म्हणाल तर पेन ड्राइव्हसाठी तुमचं पटतं, तिथे झेडएसटीडी (पटकन उलगडणारं कॉम्प्रेशन) लावा, कर्नल ४.१४ पासून स्क्वॅशएफएसला ते चालतं. पण २४ एक्सचा सीडी ड्राइव्ह फार तर सेकंदाला ३.६ एमबी वाचतो, तो पण सलग वाचला तर. तिथे वेळ खातो ड्राइव्ह, प्रोसेसर बिचारा वाट बघत बसतो, म्हणून जेवढं कमी वाचावं लागेल तेवढं बरं, म्हणजे सीडीवर एक्सझेडच.

एकसारख्या मशीनची एखादी लॅब असेल तर मात्र तुमची पद्धत बिनधास्त वापरा, फक्त लाइव्ह सीडी चालू असताना एलएसमॉडचं आउटपुट फाइलमध्ये घ्या, दोन-तीन प्रकारची मशीन असतील तर त्या फाइल एकाखाली एक जोडा आणि मेकला एलएसमॉड= म्हणून ती फाइल द्या. इनिटआरडी तेवढं राहू द्या. स्वतः कर्नल कंपाइल करणं कामाचं ठरेल अशी दुसरी जागा म्हणजे ३२ बिटची मशीन. डेबियन १३ ने त्यांच्यासाठी कर्नल देणंच बंद केलंय, माझी ३२ बिटची आयएसओ त्यामुळे अजून १२ वरच आहे. तुमच्याकडे तसलं मशीन असेल आणि त्यावर नवीन कर्नल कंपाइल करून चालवला असेल तर ती कॉन्फिग फाइल पाठवा, मी पेंटियम ४ वर टाकून बघतो.