गिझर फुल्लच ठेवा, बाप्पा!

कापूस विकला, दोन पैसे हाती आले आणि तुम्ही तालुक्याहून 15 लिटरचा गिझर आणला. छान केलं. बंब भंगारवाल्याकडे गेला, तुराट्या-पऱ्हाट्या सांभाळायची कटकट मिटली. आता राहिला तो गिझरच्या पोटाखालचा गोल नॉब. त्यावर बहुतेक वेळा आकडे नसतातच. नुसता एक लाल पट्टा, बारीक सुरू होतो आणि जाड होत जातो. तुम्ही सरळ जाड टोक गाठा. पैसे अख्ख्या गिझरचे मोजलेत, अर्ध्या नॉबचे नाहीत.

फिटरचंही मत हेच पडेल. आमच्याकडे आलेला म्हणाला, "फुल्लच ठेवा भाऊ, लाईन कधी जाईन काई भरोसा हाये का?" बिनतोड. 2000 वॅटची कॉईल 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर वीस-एकवीस मिनिटांत नेते, हा हिशेब कोणी सांगितलाच तर कानाआड करा. हिशेब केला की फुल्ल ठेवायला कारणच उरत नाही.

शिवाय पाणी कसं कढत पाहिजे! 50 अंशांच्या पाण्यात कातडी भाजायला पाच-एक मिनिटं लागतात. एवढ्या वेळात माणूस ओरडून, हात काढून, वर गिझरवाल्याला शिव्या देऊन मोकळा होतो. त्यात काय मजा? 55 ला अर्धं मिनिट. 60 ला पाचेक सेकंद, म्हणजे "अवं, साबण कुठी हाये?" एवढं विचारून होईस्तोवर. 70 ला एक सेकंदही पुरतो, साबणापर्यंत जायची वेळच येत नाही. हे झालं मोठ्यांचं. लेकराची कातडी पातळ, त्याचं काम याहून लवकर आटोपतं.

आता विसण. जुन्या बायांना याचं भारी वेड. घंगाळात आधी थंड पाणी, त्यावर गरम, मग हात फिरवून ढवळायचं, कोपर बुडवून पाहायचं आणि मगच लेकरू पाटावर घ्यायचं. आमची आजी तर कोपरानं एकदा समाधान न झाल्यास दुसरं कोपर बुडवायची. तुम्ही मॉडर्न माणसं. आधी गरम नळ पूर्ण सोडा, बादली अर्धी भरू द्या आणि टॉवेल शोधायला आत जा. रांगतं पोट्टं घरात असेल तर बादली खाली फरशीवर ठेवा, त्याच्या हाताला काठ नीट सापडतो.

पाणी किती तापतं हे मोजायची हौस असेलच तर घरातला तापाचा थर्मामीटर बुडवा. त्याची पट्टी 42 च्या आसपास संपते, काचेचा असेल तर तोही तिथंच संपेल. दूध डेअरीत वापरतात तसला 100 अंशांपर्यंतचा थर्मामीटर काही महाग नसतो. गिझर तापला की गरम नळ मिनिटभर वाहू द्यायचा, मग मगात पाणी घेऊन मोजायचं. नॉब हलवला असेल तर पुन्हा पूर्ण तापू देऊन मोजायचं. पण शेजारी हसतील, त्यापेक्षा राहू द्या.

आमच्या घरी हा थर्मामीटर आला तो हौसेनं नव्हे. बाबांना बारा-पंधरा वर्षांची शुगर. तळपायांना मुंग्या येता येता जाणीवच गेलेली. थंडीच्या दिवसांत बादलीत पाय सोडून बसले, "आता बरं वाटते" म्हणाले. संध्याकाळी चप्पल काढली तर डाव्या टाचेवर लिंबाएवढा फोड, आणि ते आम्हालाच विचारतात, हे कायचं? पुढं दीड महिना ड्रेसिंग. तेव्हा घरात म्हातारं माणूस असेल, त्यातून शुगरवालं, तर पाण्याची परीक्षा त्याच्या पायानंच घ्या. तक्रार येत नाही.

आणखी एक सोय असते, तिचं नाव "डायरेक्ट". पाणी ठरल्यापलीकडे तापलं की गिझरमधला कटआउट वीज तोडतो. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं कॉईलवर चुन्याचे थर बसतात, आतलं काही ना काही बिघडतं आणि हा बिचारा पुन्हा पुन्हा वीज तोडत राहतो. मग कोणी जाणकार दोन वायरी जोडून देतो: "डायरेक्ट केलं, आता बंदच पडत नाई." खरंय. उकळी फुटली तरी बंद पडत नाही. जोडीला तो सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापताना फुगतं, दोन थेंब बाहेर टाकतो, भिंत ओली होते. त्याला लाकडी खुंटी ठोका. टाकी, कॉईल आणि खुंटी या तिघांचं आत काय ठरेल ते पाहायला तुम्ही मात्र न्हाणीत थांबू नका.

पुण्याला शिकलेला पुतण्या असतोच प्रत्येक घरी. तो सांगेल, 20 ते 45 अंशांच्या साठल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, म्हणून टाकी 60 ला ठेवा. अगदी बरोबर. फक्त वाक्य तिथंच तोडायचं. टाकीतलं 60 आणि अंगावरचं 38-40 यांच्यामध्ये मिक्सर नळ किंवा आजीचं विसण लागतं, हे त्याला बोलू देऊ नका.

आणि भाजलंच, तर पहिल्या पाच मिनिटांत गल्ली जमते. एकजण टूथपेस्ट आणतो, एकजण हळद, एक काकू तूप, कोणी फ्रीजमधला बर्फ, आणि कंपासपेटीतली शाई आणणारा एकजण अजूनही निघतोच. सगळ्यांचं मन राखा, सगळं लावा. दवाखान्यात डॉक्टर आधी अर्धा तास ते सारं खरवडेल. नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं आणि स्वच्छ कापडानं सैल झाकून न्यायचं, यात खर्च नाही, म्हणून मानही नाही.

आमचा नॉब आता थर्मामीटरच्या 50 ला आहे. दिवाळीत उमरखेडहून मामा आले. आल्या आल्या न्हाणीत डोकावले, "अर्ध्यावर काऊन ठेवला? गरिबी आली का?" म्हणत नॉब जाड टोकाला फिरवून आले. रात्री सगळे झोपल्यावर मी तो परत आणला. सकाळी मामा टॉवेल गुंडाळून बाहेर आले, अंगातून वाफा निघत होत्या, अंगणात उभं राहून साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा, याले म्हंतात पाणी!"