‘दोन नळ्या, दोन वायरी, झालं काम’: डिझेल ट्रकच्या पंपाबद्दलचा हा सल्ला कुठे चुकतो

डिझेल ट्रकचा पंप बदलायचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘इंधन पंप गेला की जास्त विचार करू नका. जास्त प्रेशरचा युनिव्हर्सल इलेक्ट्रिक पंप घ्या. दोन नळ्या, दोन वायरी, अर्ध्या तासात काम. फिल्टरला, टाकीला हात लावायची गरज नाही. चार वेळा सेल्फ मारा, हवा आपोआप निघते.’

असं लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. गाडी उभी राहिली की रोजचं नुकसान सुरू होतं, आणि अशा वेळी झटपट बसणारा पंप हवा वाटणारच. मीही पंप निवडताना तो बसवायला किती सोपा आहे हे आधी बघतो. पण पंप जागेवर बसवून बोल्ट आवळणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. आधीची तपासणी आणि नंतरची हवा काढणं गाळून टाकलं की कुठलाही पंप सोपाच दिसेल. म्हणून त्या मजकुरातलं एकेक वाक्य घेतो.

‘इंधन पंप गेला’

कुठला? डिझेल ट्रकमध्ये ‘पंप’ म्हटलं की दोन अगदी वेगळ्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. एक फीड पंप, ज्याला लिफ्ट पंपही म्हणतात. तो टाकीतलं डिझेल उचलून फिल्टरमार्गे पुढे देतो आणि त्याचं प्रेशर फार तर काही बार असतं. दुसरा इंजेक्शन पंप. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं तिथे, त्यालाच हाय प्रेशर पंप म्हणतात. तो रेलमध्ये २००० बारच्या आसपास, काही इंजिनांत त्याहूनही जास्त प्रेशर तयार करतो. पहिला बऱ्याच गाड्यांत घरच्या हत्यारांनी बदलता येतो. दुसऱ्याच्या शाफ्टवर गिअर असतो, शाफ्ट टेपर (टोकाकडे निमुळता) असतो, गिअर सोडवायला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो आणि नट किंवा चावी हातातून निसटून गिअर केसमध्ये पडली तर पुढचं कव्हर उघडावं लागतं. कॉमन रेलच्या आधीच्या जुन्या रोटरी आणि इनलाइन इंजेक्शन पंपांना टायमिंग (डिझेल फवारण्याची नेमकी वेळ) लावल्याशिवाय गाडी नीट चालत नाही. कॉमन रेलमध्येही काही इंजिनांवर पंपाच्या खुणा जुळवाव्याच लागतात. दोन्ही पंपांना एकच सल्ला लागू होत नाही.

आणि पंप गेलाच आहे हे कशावरून ठरलं? गाडी चढावर दम टाकते, सकाळी उशिरा चालू होते, मधेच बंद पडते, ही लक्षणं फिल्टर चोंदल्यावर येतात, टाकीचं व्हेंट (हवा आत येण्याचं भोक) बंद झाल्यावर येतात, नळीने हवा घेतल्यावरही येतात. एक सोपी तपासणी सांगतो. स्वच्छ डब्यात डिझेल घ्या, फीड पंपाच्या इनलेटला छोटी नवी नळी लावून ती डब्यात सोडा, रिटर्नही (न जळलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी) त्याच डब्यात आणा आणि गाडी चालवून बघा. (पंप टाकीच्या आतच असेल तर ही युक्ती चालत नाही.) गाडी सुरळीत झाली तर पंप ठीक आहे आणि दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या रस्त्यात आहे. एका गाडीवर मी स्वतः नवा फीड पंप बसवून मोकळा झालो होतो आणि दोन दिवसांनी तीच तक्रार परत आली. टाकीजवळच्या रबरी नळीला क्लॅम्पखाली बारीक चीर होती. बाहेर डिझेलचा थेंबही नव्हता, कारण पंपाच्या आधीची बाजू ओढीखाली असते: तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मला ते आधी बघायला हवं होतं. पारदर्शक नळीचा एक तुकडा मधे लावला आणि बुडबुडे समोर दिसले.

फीड पंप सगळ्याच गाड्यांना असतो असंही नाही. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स ६.६ लिटर इंजिनाच्या पिकअप २००१ ते २०१६ पर्यंत वेगळ्या लिफ्ट पंपाशिवाय आल्या. हाय प्रेशर पंपच टाकीतून डिझेल ओढत असे. टाकीत लिफ्ट पंप आला तो २०१७ च्या मॉडेलपासून. अशा गाडीवर ‘गेलेला’ फीड पंप बदलायला निघालेला माणूस नसलेली वस्तू शोधत बसतो.

‘जास्त प्रेशरचा घ्या’

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. फीड पंपाचं काम प्रेशरची बढाई मारण्याचं नाही. पुढच्या पंपाला त्याने मागितलेल्या प्रेशरवर पुरेसं डिझेल, भर लोडवरही, पोचवत राहणं हे त्याचं काम आहे. रोटरी पंपात आतल्या केसचं प्रेशरच टायमिंग पुढे-मागे करतं. तिथे फीडचं प्रेशर वाढवलं तर इंजेक्शनची वेळ सरकू शकते आणि शाफ्टच्या सीलवर ताण येतो. सील गेलं की डिझेल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली की त्याचा आनंद मानू नका. ऑइल पातळ झालंय आणि बेअरिंग धोक्यात आहेत.

प्रेशर कमी पडणंही तितकंच महागात जातं. १९९८ ते २००२ दरम्यानच्या डॉज रॅम या अमेरिकन पिकअपमधल्या २४ व्हॉल्व्हच्या ५.९ लिटर कमिन्स इंजिनाचं उदाहरण मेकॅनिक मंडळींना पाठ असतं. त्यात बॉशचा व्हीपी ४४ इंजेक्शन पंप होता आणि त्याला डिझेल पुरवणारा छोटा इलेक्ट्रिक लिफ्ट पंप इंजिन ब्लॉकवर, टाकीपासून लांब बसवलेला होता. तो मंदावला तरी गाडी चालत राहायची, म्हणून मालकाच्या लक्षात यायचं नाही. पण व्हीपी ४४ ला वंगण आणि थंडावा दोन्ही त्या डिझेलमधूनच मिळत असल्याने उपाशी पंप आतून झिजायचा. काही वर्षांनंतरच्या मॉडेलांत लिफ्ट पंप टाकीत गेला. त्यामागचं तत्त्व निवडताना कामाला येतं: पंप डिझेल ढकलतो चांगलं, ओढताना दमतो. म्हणून बाहेर बसवायचा पंप टाकीच्या जवळ आणि शक्य तितका खाली हवा.

पाकिटावरचा आकडा वाचतानाही एक गोष्ट बघा. ताशी इतके लिटर असा जो मोठा आकडा छापतात, तो बऱ्याचदा मोकळ्या तोंडाचा, म्हणजे शून्य प्रेशरवरचा असतो. तुम्हाला हवा तो तुमच्या गाडीच्या ठरलेल्या प्रेशरवरचा. आणि तो इंजिन जाळतं तेवढ्यावरून ठरवू नका. इंजिन जाळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल फिरून रिटर्नने टाकीत परत येतं आणि येताना पंप-इंजेक्टरची उष्णता घेऊन येतं.

‘कुठलाही युनिव्हर्सल चालतो’

पेट्रोलसाठी बनवलेला पंप डिझेलवर चालू होतो, हे खरं. टिकत नाही. डिझेल जाड असतं, थंडीत त्यात मेण धरतं, मोटरवर भार वाढतो. डिझेलसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि बायोडिझेल मिसळलेलं इंधन वापरत असाल तर सील त्याला चालतात का हेही बघा. व्होल्टेजही बघा: पिकअपना बहुतेक १२ व्होल्ट, मोठ्या ट्रकना २४.

खरा सोपा पंप कुठला विचाराल तर माझं उत्तर कंटाळवाणं आहे. तुमच्या इंजिन नंबरावरून किंवा चॅसी नंबरावरून शोधलेला, जुन्याच बोल्टच्या भोकांवर बसणारा, जुनाच कनेक्टर घेणारा, नळ्यांची तोंडं त्याच मापाची आणि त्याच दिशेला असलेला. टाकीतला पंप असेल तर नुसती मोटर घेण्यापेक्षा अख्खं मॉड्यूल घ्या: जाळी, फ्लोट, वरचं सील सगळं एकत्र येतं आणि बारीक क्लिपांशी झटापट वाचते. युनिव्हर्सल पंपाला ब्रॅकेट बनवा, अॅडॉप्टर शोधा, वायर कापून जोडा. प्रत्येक जोड हा पुढे हवा घेणारा किंवा गळणारा एक जास्तीचा बिंदू. तो स्वस्त असेल, सोपा नाही.

‘दोन वायरी जोडा’

मूळ मेकॅनिकल पंप इंजिन थांबलं की थांबायचा. त्याच्या जागी इलेक्ट्रिक पंप लावून वायर सरळ इग्निशनला दिली तर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप फुटक्या नळीतून डिझेल ओतत राहील. म्हणून रिले हवा, फ्यूज हवा आणि ऑइल प्रेशर स्विच किंवा इनर्शिया स्विचमधून (जोराचा धक्का बसला की सप्लाय तोडणारा) सप्लाय हवा. जुनाच इलेक्ट्रिक पंप बदलत असाल तर आधी पंप चालू असताना कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर दोष वायर, रिले किंवा अर्थिंगमध्ये शोधा. नवा पंपही त्याच वायरीवर रडतच चालेल.

‘फिल्टरला, टाकीला हात लावायची गरज नाही’

हाय प्रेशर पंप गेला असेल तर हे वाक्य गाडीचा जीव घेणारं आहे, आणि मी हे वाढवून सांगत नाही. कॉमन रेलचा पंप आतून तुटतो तेव्हा लोखंडाचा बारीक चुरा तयार होतो. बॉशच्या सीपी ४ पंपात कॅमवर रोलर असलेला टॅपेट (कॅमने वर-खाली होणारा तुकडा) चालतो. तो आपल्या जागी फिरला की रोलर कॅमवर आडवा घासायला लागतो आणि चुरा निघतो. तो रेलमधून इंजेक्टरपर्यंत जातो आणि रिटर्नने टाकीत उतरतो. इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. अशा गाडीवर नुसता नवा पंप बसवला तर जुन्याचा चुरा नव्याला खातो. म्हणून पंप मागवण्याआधी फिल्टर हाउसिंगच्या तळाचं डिझेल पांढऱ्या कपड्यावर ओता, मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) काढून त्याची जाळी बघा. चमचम दिसली तर पंपाबरोबर इंजेक्टर, रेल, हाय प्रेशर पाइप बदलणं आणि टाकी व सगळ्या नळ्या धुणं आलंच. हा खर्च ऐकून माणूस हबकतो, ते मला समजतं. पण तो टाळून केलेला खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

चुरा नसला तरी फिल्टर आणि पाणी वेगळं करणारा सेपरेटर नव्या पंपाबरोबर बदला. डिझेलमधलं सल्फर काढताना त्याचा नैसर्गिक गुळगुळीतपणाही कमी होतो, म्हणून कारखान्यात वंगणगुण वाढवणारे घटक घालतात. पाणी शिरलं की ती वंगणाची पातळ फिल्म तुटते आणि पंपाला गंज धरतो.

‘चार वेळा सेल्फ मारा’

नवा पंप कोरडा असतो. कोरड्या हाय प्रेशर पंपावर सेल्फ मारत राहणं म्हणजे धातूवर धातू घासणं, आणि वर स्टार्टर तापतो तो वेगळाच. हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) घट्ट होईपर्यंत मारा, किंवा इलेक्ट्रिक फीड पंप असेल तर चावी फिरवून तो अनेकदा चालू-बंद करा, मगच सेल्फ. एका वेळी १५ सेकंदांहून जास्त नको, मधे विसावा द्या. बारीक फिल्टर बाहेरचं डिझेल ओतून भरू नका. ते न गाळलेलं डिझेल सरळ पंपात जातं. बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवेच घाला. पंप बदलल्यावर ‘हवा घेते’ म्हणून परत येणाऱ्या गाडीवर मी पहिल्यांदा तेच बघतो.

जुन्या गाडीवर नोझलचे नट सैल करून हवा काढायची सवय अनेकांना आहे. कॉमन रेलवर ती कधीही नको. त्या प्रेशरची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि दुखतही नाही, पण बोट वाचवायला तातडीची शस्त्रक्रिया लागते. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा, हात नाही. असं कोणाच्या हातात गेलंच तर थांबून बघत बसू नका, लगेच रुग्णालयात न्या आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

गाडी चालू झाली की लोड घेऊन एक फेरी मारा आणि त्या वेळी फीडचं प्रेशर गेजवर बघा. रिकाम्या इंजिनावर सगळेच पंप चांगले दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा, आणि पंपाखाली रात्रभर ठेवलेला पुठ्ठा कोरडा आहे का तेही.