टाकीत नॅनो पावडर टाकायला निघालात? थांबा

पांढरकवड्याच्या मावशीचा फोन आला. "तू ते नॅनोचंच काम करतोस ना रे? मग ती पावडर कुठे मिळते सांग." भिशीच्या ग्रुपवर तिला मेसेज आला होता: नागपूरच्या शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो पावडर शोधली, गच्चीवरच्या टाकीत चमचाभर टाका, विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हात पाणी ९९ टक्के शुद्ध होतं, फ्लोराइडही जातं, आरओ काढून टाका, टीडीएस मीटरने खात्री करा.

शोध कोणाचा, यावर वेळ घालवत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन होतं, हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्येच 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापलं होतं.

४५ अंशांचं म्हणाल, तर या पावडरीला हवा असतो प्रकाश. उष्णता नव्हे. आणि प्रकाशही कोणताही चालत नाही, अतिनील लागतो. सूर्यप्रकाशात तो जेमतेम चार-पाच टक्के. आता गच्चीवरची टाकी आठवा: काळी, वर घट्ट झाकण. आत मिट्ट काळोख. पावडर तळाशी गाळ होऊन बसेल, दुसरं काय करणार? पाणी तापेल हे खरं, पण ते तसंही तापतंच.

खरा संताप येतो तो फ्लोराइडच्या ओळीचा. हा मेसेज यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांत फिरतोय. तिथल्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडं आखडतात. प्रकाशाच्या जोरावर ही पावडर जे काम करते ते फोटोकॅटॅलिसिस, आणि ते सेंद्रिय रेणू तोडतं. फ्लोराइड हा मूलद्रव्याचा आयन, त्याचं तोडून तोडून काय तोडणार? पाणी उकळलं तरी तो जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. फ्लोराइड काढायची पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच कधीची दिली आहे, नलगोंडा तंत्र: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, मग ढवळणं, गाळ बसू देणं, गाळून घेणं. तुरटी किती हे त्या पाण्यातलं फ्लोराइड आणि क्षारता मोजून ठरतं, म्हणून अंदाजपंचे घरी करू नका. स्वस्त आहे, पण 'नॅनो' नाही ना, मग फॉरवर्ड कोण करणार!

एक मान्य करावंच लागेल. ऊन जंतू मारतं. पारदर्शक पेट बाटलीत नितळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास ठेवायची रीत जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य आहे. पण त्यात पावडर नाही, टाकी नाही, आणि फ्लोराइड जिथल्या तिथे.

९९ टक्क्यांचा आकडा कुठून आला असेल, तेही ओळखता येतं. आमच्याकडे प्रयोगशाळेत बीकरमध्ये १०० मिली पाणी, त्यात पावडर आणि मिथिलीन ब्लू हा निळा रंग, खाली मॅग्नेटिक स्टरर, वर दिवा. ठरावीक वेळाने नमुना काढायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून पावडर वेगळी करायची आणि ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात निळा रंग किती उरला ते बघायचं. ९९ टक्के रंग गेला, असा पेपर निघतो. रंग गेला म्हणजे रेणूचे तुकडेही संपले असं नव्हे, आणि ते पाणी आम्ही कोणी पीत नाही. शिवाय टाकीत सेंट्रिफ्यूज कोण लावणार? पावडर थेट पोटात. युरोपीय संघाने खाद्यपदार्थांत ती घालायला २०२२ मध्ये बंदी घातली, कारण ती जनुकांना इजा करत नाही अशी खात्री देता येईना. ती विषच आहे असं मी म्हणत नाही, पण चमचाभर कशाला प्यायची?

राहिला टीडीएस मीटर. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. पाचशे मिलिग्रॅम क्षारांत दोन मिलिग्रॅम फ्लोराइड आहे की नाही, हेही त्याला कळत नाही. ग्लुकोमीटरची पट्टी साखर ओळखते, कारण तिच्यावर साखरेपुरतं काम करणारं एन्झाइम असतं. फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक लागतो. ऑनलाइन मागवलेल्या त्या पेनसारख्या टीडीएस मीटरमध्ये यातलं काही नाही. बोअरचं पाणी प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत भरा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या. फ्लोराइड तपासायचंय, असं तोंडाने सांगा.