टायटन्स लिंबूटिंबू नव्हते

व्हॉट्सअॅपवर आणि कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. साल 1971, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं अलेक्झांड्रिया शहर, टी. सी. विल्यम्स हायस्कूल. काळी आणि गोरी मुलं पहिल्यांदाच शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात, म्हणजे 'टायटन्स'मध्ये, एकत्र येतात. मोसमाआधी या संघाकडून कोणालाही काडीची अपेक्षा नसते. मग कृष्णवर्णीय कोच हर्मन बून मुलांना अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर नेऊन एक भाषण करतात, मुलं बदलतात आणि जायबंदी कर्णधारासाठी शेवटच्या क्षणी राज्याचं अजिंक्यपद खेचून आणतात. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

हे सगळं 2000 साली आलेल्या 'रिमेंबर द टायटन्स' या सिनेमातून उचललेलं आहे. सिनेमा बघायला झकास, डेन्झेल वॉशिंग्टन तर भाव खाऊन जातो. पण गोष्ट 'सत्यघटना' म्हणून पुढे ढकलली जाते, तेव्हा एकेक दावा तपासायला हरकत नाही.

"कोणालाच अपेक्षा नव्हती." सगळ्यात मोठी थाप हीच. 1971 साली अलेक्झांड्रियाने शाळांची फेररचना केली. जॉर्ज वॉशिंग्टन, फ्रान्सिस हॅमंड आणि टी. सी. विल्यम्स या तिन्ही हायस्कूलांची अकरावी-बारावीची सगळी मुलं विल्यम्समध्ये आली आणि नववी-दहावी बाकीच्या दोन इमारतींत गेली. तिकडे शाळेच्या मुख्य संघात खेळतात ती प्रामुख्याने अकरावी-बारावीचीच मुलं. म्हणजे काल एकमेकांविरुद्ध खेळणारे तीन संघ आज एका जर्सीत आले. हॅरिस शील्डमध्ये मुंबईतल्या तीन तगड्या शाळांनी मिळून एकच संघ उतरवला, तर त्याला लिंबूटिंबू कोण म्हणेल? कोचही दुप्पट झाले. बून आधीपासून विल्यम्समध्ये सहायक होते, ते आता मुख्य कोच झाले. हॅमंडचे गोरे मुख्य कोच बिल योस्ट त्यांच्या हाताखाली आले. गोऱ्या वस्तीला योस्टच मुख्य कोच हवे होते, ते वेगळं.

निकाल बघा. 13 पैकी 13 विजय, आणि त्यातल्या 9 सामन्यांत समोरच्या संघाला एकही गुण नाही. दुबळा संघ जिद्दीने एखाददुसरा सामना काढतो, अख्खा मोसम असा चिरडत जात नाही.

शंका होती, नाही असं नाही. पण ती या मुलांच्या खेळाबद्दल नव्हती, ती एका बसमध्ये शांतपणे बसतील का याबद्दल होती. आदल्या वर्षी, 1970 च्या मे महिन्यात, एका दुकानातल्या गोऱ्या कर्मचाऱ्याने कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घातली आणि शहर पेटलं. (सिनेमाने हा प्रसंग ओढून 1971 मध्ये आणलाय.) अशा गावात तीन शाळांची मुलं एका छपराखाली आणायची म्हटल्यावर पालकांच्या पोटात गोळा येणारच. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांनी ही भीती उचलली आणि तिच्यावर 'दुबळा संघ' असं लेबल डकवलं.

"काळी-गोरी मुलं पहिल्यांदाच एकत्र आली." हेही नाही. अलेक्झांड्रियात गोऱ्यांच्या शाळांमध्ये पहिली कृष्णवर्णीय मुलं गेली ती फेब्रुवारी 1959 मध्ये, तीही कोर्टाच्या आदेशाने. कृष्णवर्णीयांसाठी राखलेलं पार्कर-ग्रे हायस्कूल 1965 मध्ये बंद झालं. हॅमंडमध्ये गोरी मुलं फारच जास्त होती आणि तीन शाळांचं प्रमाण विषम होतं, म्हणून तर फेररचना झाली. पण 1971 ला कोरी पाटी नव्हती. सिनेमात टायटन्सशी खेळणाऱ्या बाकीच्या शाळा निव्वळ गोऱ्यांच्या दाखवल्यात, तेही खोटं. आसपासच्या शाळा तोवर मिश्र झाल्या होत्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. शाळेला ज्यांचं नाव होतं ते टी. सी. विल्यम्स शहराचे शिक्षण अधीक्षक होते आणि शाळा मिश्र करायला त्यांचा कडवा विरोध होता. मुलांच्या प्रवेशासाठी कोर्टात गेलेल्या पालकांमध्ये शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक कृष्णवर्णीय आई होती, तिला त्यांनी 1958 मध्ये नोकरीवरून काढलं. ज्या संघाला एकोप्याचं प्रतीक म्हणून मिरवतात, त्याच्या शाळेवर याच माणसाचं नाव 2021 पर्यंत होतं. आता ती अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल आहे.

"गेटिसबर्गच्या भाषणाने सगळं बदललं." शिबिर खरं आहे. ऑगस्टमध्ये गेटिसबर्ग कॉलेजात संघ राहिला, एकत्र जेवला, एकत्र घाम गाळला. त्याचा फायदा झालाच असणार. पण मोसम डिसेंबरपर्यंत चालला. ऑगस्टमधलं एक भाषण ऑक्टोबरच्या सामन्यात टॅकल करत नाही.

"शेवटच्या क्षणी जिंकले." रोआनोकच्या व्हिक्टरी स्टेडियमवर झालेल्या अंतिम सामन्यात समोर सेलमचं अँड्र्यू लुईस हायस्कूल होतं आणि निकाल होता 27-0. श्वास रोखून धरण्यासारखं त्यात काही नव्हतं. सिनेमात अंतिम सामना मार्शल हायस्कूलशी होतो. मार्शलशी टायटन्स खेळले खरे, पण मोसमाच्या मध्यावर, आणि ती लढत खरंच अटीतटीची झाली, 21-16. पटकथाकाराने तोच सामना उचलून शेवटी नेऊन ठेवला. 27-0 वर कोण रडणार?

"जखमी कर्णधारासाठी जिंकले." गेरी बर्टियरचा अपघात झाला आणि त्याला कमरेखाली लुळेपण आलं, हे दुर्दैवाने खरं. पण ते अंतिम सामन्यानंतर. त्या सामन्यात तो स्वतः मैदानात होता. पुढे त्याने व्हीलचेअरवरून गोळाफेक आणि थाळीफेकीत पदकं मिळवली. 1981 मध्ये दुसऱ्या एका कार अपघातात तो गेला. हा दहा वर्षांचा भाग फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अहो, सिनेमा आहे, थोडं तिखटमीठ चालायचंच." चालू दे की. पण तिखटमीठ फक्त खेळात पडलंय, द्वेषाच्या बाबतीत उलट पदार्थ अळणी केलाय. सिनेमात बून यांच्या घराच्या खिडकीतून वीट येते. प्रत्यक्षात खिडकीतून संडासाचं भांडं फेकलं होतं, असं बून यांनीच नंतर सांगितलंय. ते ट्रेनिंगच्या स्लाइडवर कुठे बसवणार?